जहाज सोडा, ओढा धरा: स्कॉच-आयरिश घराण्याचा माग कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेनेसीत राहणाऱ्या एका मराठी ताईंच्या सासूबाईंचं माहेर स्कॉच-आयरिश, म्हणजे स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंडात (अल्स्टरमध्ये) वसलेल्या आणि तिथून अमेरिकेत आलेल्या लोकांपैकी. घरात सांगतात, की तीन भाऊ अल्स्टरमधून जहाजाने आले. एक पेनसिल्व्हेनियात राहिला, एक कॅरोलायनात गेला, एक डोंगर ओलांडून टेनेसीत उतरला. त्या तिसऱ्याचं १८०३ सालचं मृत्युपत्र टेनेसीच्या वॉशिंग्टन काउंटीत सापडलं आहे. त्यात बायको जेन, चार मुलगे, दोन जावई आणि दोन साक्षीदार आहेत. त्याचा जन्म १७४२ च्या सुमाराचा असावा. त्यामागे काहीच लागत नाही. ताई विचारतात: "माझ्या माहेरच्या सहा पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाल्या. तसं काही इकडे नाही का? जहाजाचं नाव आणि आयर्लंडमधलं गाव कसं शोधू?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. जहाजाचं नाव बहुधा कधीच मिळणार नाही. गाव मिळालंच तर सगळ्यात शेवटी मिळेल. आणि त्र्यंबकेश्वरसारखी वही या लोकांसाठी कुणीच लिहून ठेवली नाही. तरीही तुमच्या हातात आहे ते मृत्युपत्र पुष्कळ आहे, कारण त्यात फक्त मूळ पुरुषाचं नाव नाही. जावई आहेत, साक्षीदार आहेत, कारभार पाहणारे आहेत. काम तिथून सुरू करायचं. सीमेवरची ही माणसं सहसा एकटी हलत नसत. एका ओढ्याकाठची आठ-दहा घरं, एकाच चर्चमधली, आपसात सोयरीक असलेली, साधारण पिढीगणिक शे-दोनशे मैल पुढे सरकायची. तुमच्या माणसाचा कागद जळला असेल, तर त्याच्या मेहुण्याचा किंवा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा कागद शिल्लक असतो, आणि त्या कागदात तुमचा माणूस उभा असतो.

जहाजाचं का मिळणार नाही, ते सांगतो, म्हणजे त्यामागे वेळ जाणार नाही. फिलाडेल्फिया बंदरात १७२७ पासून प्रवाशांच्या याद्या होत्या हे खरं, पण त्या जर्मन लोकांच्या. ते परके, म्हणून त्यांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि नावं लिहिली जात. अल्स्टरचे प्रेस्बिटेरियन (स्कॉच-आयरिश लोकांचा प्रोटेस्टंट पंथ) आधीपासूनच त्या राजाचे प्रजाजन. त्यांची शपथ नाही, म्हणून यादी नाही. अमेरिकी सरकारने सगळ्या प्रवाशांच्या याद्या मागायला सुरुवात केली ती १८२० मध्ये, म्हणजे तुमचा माणूस वारल्यावर सतरा वर्षांनी. अपवाद साउथ कॅरोलायनाचा. तिथल्या विधिमंडळाने १७६१ मध्ये युरोपातून येणाऱ्या प्रोटेस्टंट कुटुंबांना आणण्यासाठी पैसे देऊ केले, त्यामुळे १७६३ नंतर चार्ल्सटनला उतरलेल्यांची नावं आणि त्यांना मिळालेले एकर तिथल्या कौन्सिलच्या इतिवृत्तात आहेत, काही ठिकाणी जहाजासकट. तुमच्या कुटुंबाची वाट मात्र फिलाडेल्फियाची दिसते. म्हणून इंटरनेटवरच्या एखाद्या वंशवृक्षात १७४० सालचं जहाज नावानिशी दिसलं, तर आधी विचारा की हे कोणत्या कागदात लिहिलं आहे. मी पाहिलेल्या बहुतेक झाडांत त्याला उत्तर नसतं.

आता वाट समजून घ्या. अल्स्टरमधून मोठ्या संख्येने लोक निघाले ते १७१७-१८ मध्ये. मग १७२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मग १७४०-४१ च्या कडाक्याच्या थंडीनंतर आलेल्या दुष्काळात. आणि पुढे अमेरिकी क्रांतीच्या आधीच्या पाच-सहा वर्षांत. पट्टा संपला की जमीनदार खंड वाढवायचे, तागाच्या कापडाचा धंदा मधूनमधून बसायचा, आणि राज्याच्या चर्चबाहेरचे म्हणून १७०४ च्या कायद्याने त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवलं होतं. डेलावेअरमधलं न्यू कॅसल आणि फिलाडेल्फिया ही उतरायची मुख्य बंदरं. तिथून लँकेस्टरकडचे डोनेगल, पॅक्सटँग, डेरी हे भाग; सस्क्वेहाना ओलांडून कंबरलँड खोरं; मग पोटोमॅक ओलांडून विंचेस्टर, शेनँडोआ खोऱ्यातलं स्टॉन्टन; तिथून एक फाटा नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्सबरीकडे आणि दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरच्या वॅक्सहॉजकडे, दुसरा नैर्ऋत्येला होल्स्टन नदीच्या खोऱ्यातून टेनेसीत. तुमचं घराणं या दुसऱ्या फाट्यावरचं. १७४२ ला जन्मलेला आणि १८०३ ला वॉशिंग्टन काउंटीत वारलेला माणूस बहुधा पेनसिल्व्हेनियात किंवा ऑगस्टा काउंटीत जन्मलेला असतो, आयर्लंडमध्ये नव्हे. म्हणजे जहाजावर कुणी चढलंच असेल, तर त्याचा बाप किंवा आजा. तीन भावांच्या गोष्टीत हीच एक पिढी नेहमी गाळली जाते.

पहिलं काम, काउंट्या कधी जन्मल्या ते वहीत लिहून काढा. माणूस एकाच घरात चाळीस वर्षं राहतो आणि त्याचे कागद चार कचेऱ्यांत जातात. तुमची वॉशिंग्टन काउंटी १७७७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने केली; टेनेसी राज्य झालं १७९६ मध्ये. मधल्या काळातले जमिनीचे पट्टे नॉर्थ कॅरोलायनाचे, म्हणून त्यांच्या मूळ फायली रॅलेच्या अभिलेखागारात शोधायच्या. शेजारच्या सलिव्हन काउंटीत तर आणखी घोळ आहे. १७७९ मध्ये सीमेची मोजणी होईपर्यंत होल्स्टनच्या उत्तरेकडचे लोक स्वतःला व्हर्जिनियात समजत होते, त्यामुळे त्यांचे आधीचे कागद व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टन काउंटीत, म्हणजे अ‍ॅबिंग्डनला आहेत. नावं सारखी, राज्यं वेगळी. इथे बरेच जण घसरतात. व्हर्जिनियाकडची साखळी अशी: ऑगस्टा कायद्याने १७३८ मध्ये झाली, पण तिचं न्यायालय बसलं डिसेंबर १७४५ मध्ये, तोपर्यंतचे कागद ऑरेंज काउंटीत. १७७० च्या सुमारास तिच्यातून बॉटेटॉर्ट निघाली, १७७२ मध्ये बॉटेटॉर्टमधून फिनकॅसल, आणि १७७६ च्या शेवटी फिनकॅसल मोडून माँटगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन झाल्या. फिनकॅसलचं दप्तर आज माँटगोमेरीच्या ताब्यात, क्रिश्चन्सबर्गला आहे. सीमेचा प्रश्न किती खोल जातो, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन. १७६७ मध्ये वॅक्सहॉजमध्ये अल्स्टरहून आलेल्या आईबापांच्या पोटी तो जन्मला, आणि त्याचं जन्मस्थान आपल्याकडेच असं नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना दोघेही अजून म्हणतात.

आता जमीन. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो आणि तुम्हीही घालवावा असं मनापासून वाटतं. त्या काळच्या खरेदीखतात चतुःसीमा असते: ओढ्याच्या काठच्या दोन पांढऱ्या ओकपासून सुरू करून अमक्याच्या हद्दीने उत्तरेकडे इतके पोल, तिथे एक हिकरी, तिथून तमक्याच्या कोपऱ्यापर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. हे आकडे कागदावर उतरवून नकाशा काढता येतो, आणि शेजाऱ्यांच्या खतांचे नकाशे त्याला जोडले की सगळा ओढा समोर उभा राहतो. मग दिसतं की जावई ज्याच्या जमिनीवर राहत होता तो त्याचा चुलता होता, किंवा दोन सारख्या नावाच्या माणसांपैकी एक ओढ्याच्या उगमाशी आणि दुसरा मुखाशी होता. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावं असली तर ती सोडू नका. साखळी धरायला सहसा घरचे किंवा जवळचे लोक येत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मेहुणा पहिल्यांदा कागदावर येतो तो कित्येकदा तिथेच.

खत वाचताना तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. एक, बायकोची सही किंवा खूण. नवऱ्याने जमीन विकली तर तिचा हयातीचा हक्क सुटावा म्हणून न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारत, आणि ते नोंदवत. लग्नाची नोंद नसलेल्या या प्रदेशात बायकोचं नाव मिळायचं हे मोठं ठिकाण आहे. अमुक साली मेरी आणि पाच वर्षांनी जेन असं दिसलं, तर मोठी मुलं जेनची नसतील हे लक्षात घ्या. दोन, पाच शिलिंगांचा व्यवहार. एकाच जमिनीची लागोपाठच्या दोन दिवशी दोन खतं दिसली, पहिलं पाच शिलिंगांचं आणि दुसरं खऱ्या किमतीचं, तर गोंधळू नका. भाडेपट्टा आणि मग हक्कसोड अशी ती त्या काळची विक्रीची रीतच होती, विक्री एकच. तीन, "कायद्याने वारस" हे शब्द. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर १७८७ च्या आधी सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. त्यामुळे एखादा जण वारस म्हणून जमीन विकत असेल, तर तो थोरला, आणि बाप मृत्युपत्राविना गेलेला, हे दोन्ही एका ओळीत सिद्ध होतं. पेनसिल्व्हेनियात नियम वेगळा, तिथे थोरल्याला दुप्पट वाटा. नॉर्थ कॅरोलायनाने थोरल्याचा हा हक्क १७८४ मध्ये काढला. मृत्युपत्रात एखाद्या मुलाला फक्त एक शिलिंग दिला असेल, तर तो बापाच्या मनातून उतरला होता असं लगेच ठरवू नका. बहुधा त्याला जमीन आधीच मिळालेली असते, आणि तिचं खत शोधायचं असतं.

ऑगस्टा काउंटीत तुमचं नशीब चांगलं आहे, कारण हे दप्तर युद्धातून आणि आगीतून वाचलं. इथली जमीन दोन मोठ्या मालकांकडून लोकांनी घेतली: विल्यम बेव्हर्लीची १७३६ ची १,१८,४९१ एकरांची जहागीर, आणि तिच्या दक्षिणेला बेंजामिन बोर्डेनची १७३९ ची ९२,१०० एकरांची. बोर्डेनने वस्ती वाढावी म्हणून ठरवलं होतं की जो एक खोपटं बांधेल त्याला शंभर एकर फुकट, आणि वर आणखी जमीन स्वस्तात घेण्याचा हक्क. पुढे याच खोपट्यांवरून पन्नास-साठ वर्षं खटले चालले. त्या खटल्यांत म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी झाल्या, आणि त्या साक्षी म्हणजे या घराण्यांच्या इतिहासाचा सगळ्यात मौल्यवान साठा आहे. १८०६ मध्ये मेरी ग्रीनली नावाच्या बाईंची साक्ष झाली. १७३७ च्या सुमाराला बाप एफ्राइम मॅकडॉवेल, नवरा आणि भाऊ यांच्याबरोबर त्या या खोऱ्यात आल्या होत्या. वाटेत मुक्कामाला बोर्डेन कसा भेटला, कोण कुठे बसलं, कुणाचं कोण, हे त्या सगळं सांगतात. जेम्स बेलकडची एक दासी पुरुषाचे कपडे घालून खोपट्यांचे हक्क सांगत होती, हेही त्यांनीच सांगितलं. वय विचारल्यावर त्या म्हणाल्या, पंच्याण्णव, आणि वय का विचारता, मला म्हातारचळ लागला असं वाटतं का? सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तीचं इतकं थेट वर्णन चर्चच्या कोणत्याही वहीत मिळणार नाही.

म्हणून ऑगस्टाच्या चॅन्सरी न्यायालयाच्या, म्हणजे जमीन-वारशाचे वाद चालणाऱ्या न्यायालयाच्या फायली बघाच. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने त्यांची सूची आणि छायाचित्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, आणि शोधताना फक्त वादी-प्रतिवादी नव्हे, फाइलमधली इतर आडनावंही टाकता येतात. तुमच्या मृत्युपत्रातल्या दोन जावयांची आणि दोन साक्षीदारांची आडनावं तिथे एकेक करून टाका. लायमन चॉकली यांनी १९१२ मध्ये ऑगस्टाच्या कागदांचे गोषवारे तीन खंडांत छापले, तेही वापरा, पण फक्त वाट दाखवणारे म्हणून. गोषवाऱ्यात नावं चुकली आहेत, ओळी गळल्या आहेत. तिथे दिसलेला प्रत्येक कागद मूळ पानावर जाऊन वाचायचा.

ऑरेंज काउंटीच्या न्यायालयाच्या वहीत १७३९-४० च्या सुमारास एक वेगळाच खजिना आहे. वसाहतीत स्वखर्चाने आलेल्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकरांचा हक्क असे. तो मिळवण्यासाठी शेनँडोआ खोऱ्यातल्या कुटुंबप्रमुखांनी शपथेवर सांगितलं की मी, माझी बायको आणि अमुक-अमुक मुलं आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. बायको आणि मुलांची नावं, आणि आयर्लंड हा शब्द, तिन्ही एका जागी. जहाज नाही, वर्ष नेहमी नाही, गाव नाही. तरी तुमच्या मूळ पुरुषाचा बाप या यादीत असू शकतो. एवढं लक्षात ठेवा की शपथ आल्याबरोबर घेतलेली नसते, कित्येकदा मधे बरीच वर्षं गेलेली असतात. आणि हा हक्क विकता येत असे, त्यामुळे एकर दुसऱ्याच्या नावावर दिसले तर घाबरू नका.

चर्चचं सांगायचं तर अपेक्षा कमी ठेवा. पाद्री थोडे, मंडळ्या पसरलेल्या, आणि पाद्र्याची वही ही त्याची स्वतःची मालमत्ता. तो गेला की वहीही जाई. शिवाय व्हर्जिनियात १७८० च्या कायद्यापर्यंत प्रेस्बिटेरियन पाद्र्याने लावलेलं लग्न कायद्याने धरलं जात नसे, म्हणून नोंदीही फारशा नाहीत. जे उरलं ते मात्र अमूल्य आहे. टिंकलिंग स्प्रिंग आणि ऑगस्टा स्टोन चर्चचे जॉन क्रेग यांनी १७४० ते १७४९ मधल्या बाप्तिस्म्यांची नोंद ठेवली. मुलाचं नाव, बापाचं नाव, तारीख. तुमच्या माणसाचा अंदाजे जन्म १७४२ चा, म्हणून ही यादी पहिल्या आठवड्यातच पाहा. आईचं नाव तिथे मिळणार नाही. पेनसिल्व्हेनियात जॉन कथबर्टसन हे १७५१ पासून घोड्यावरून फिरणारे पाद्री होते. त्यांच्या रोजनिशीत लग्नं आणि बाप्तिस्मे आहेत, पण ते कव्हेनंटर या प्रेस्बिटेरियनांतल्या वेगळ्या पंथाचे, म्हणून तुमचं कुटुंब त्या मंडळीतलं असेल तरच. सेशनच्या वह्या, म्हणजे चर्चच्या पंचांची इतिवृत्तं, फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत विचारा. टेनेसीच्या बाजूने एक दुवा तुमच्या अगदी शेजारी आहे. वॉशिंग्टन काउंटीतल्या सेलम मंडळीचे पाद्री सॅम्युएल डोक हे स्वतः १७४९ मध्ये ऑगस्टा काउंटीत जन्मलेले. पाद्र्याच्या मागोमाग त्याच्या गावचे लोक येतात. सेलमच्या जुन्या सभासदांची आडनावं आणि ऑगस्टाच्या ओढ्यांवरची आडनावं समोरासमोर ठेवून पाहा.

एकाच नावाची माणसं हा या कामातला सगळ्यात मोठा त्रास आहे. जॉन, जेम्स, रॉबर्ट, विल्यम, सॅम्युएल एवढ्याच नावांवर अख्खी खोरी चालली. त्यावर औषध म्हणजे कराच्या याद्या, वर्षानुवर्षं लागोपाठ वाचलेल्या. व्हर्जिनियाच्या वैयक्तिक मालमत्तेच्या कराच्या याद्या १७८२ पासून आहेत. एक रॉबर्ट दोन घोडे आणि सहा गुरं असलेला, दुसरा आठ घोडे असलेला. एक अमुक कॅप्टनच्या तुकडीत, दुसरा तमुकच्या. मुलगा मोठा झाला की यादीत येतो, बाप वारला की त्याच्या नावाच्या जागी विधवेचं नाव येतं. वॉशिंग्टन काउंटीचीही १७७८ ची यादी आहे. आणि 'सीनियर', 'ज्युनियर' पाहून बाप-लेक ठरवू नका. त्या काळी ते नुसतं थोरला आणि धाकटा एवढंच सांगत, चुलता-पुतण्या असोत वा परके. जनगणनेची मदत फारशी होणार नाही. व्हर्जिनियाची १७९० ची गेली, केंटकीची १७९० आणि १८०० ची गेली, टेनेसीच्या १८१० पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या गेल्या. म्हणून कराच्या याद्या हाच आधार.

आडनाव "मॅक"ने सुरू होणारं असेल, तर ते "मॅक" सोडूनही शोधा, आणि शेवटची अक्षरं ऐकू येतील तशी लिहून शोधा. कारकून इंग्लिश किंवा जर्मन, बोलणारा अल्स्टरमधल्या अँट्रिमचा. त्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. कोल्हून आडनावाची एकाच कुटुंबात तीन-चार रूपं भेटतात.

आता एक कागद असा, जो पुष्कळांना सुचत नाही, कारण तो त्यांच्या माणसाचा नसतो. १८३२ च्या कायद्याने क्रांतियुद्धात लढलेल्या वृद्धांना पेन्शन मिळू लागलं. न्यायालयात त्यांना ठरलेले प्रश्न विचारत: कुठे आणि कोणत्या साली जन्मलात, वयाची नोंद कुठे आहे, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे-कुठे राहिलात. तुमचा मूळ पुरुष १८०३ मध्येच वारला, म्हणून त्याची अर्जफाइल नसणार. पण किंग्ज माउंटनच्या, म्हणजे ७ ऑक्टोबर १७८० च्या लढाईत त्याच ओढ्यावरून गेलेले त्याचे धाकटे भाऊ, भाचे, शेजारी १८३२ मध्ये जिवंत होते. त्यांच्यातला एखादा सांगतो, मी लँकेस्टर काउंटीत जन्मलो, बापाबरोबर लहानपणी ऑगस्टात आलो, १७७० च्या दशकात होल्स्टनला. तसे चार जण तेच सांगू लागले, तर तुमच्या माणसाची वाट जवळपास कळली. दक्षिणेतल्या मोहिमांतल्या हजारो अर्जांच्या अक्षरशः नकला स्वयंसेवकांनी करून इंटरनेटवर ठेवल्या आहेत, ओढ्याच्या नावाने शोधता येतात. मी नेहमी आधी ओढ्याचं नाव टाकतो, आडनाव मागाहून.

पेनसिल्व्हेनियात पोचलात की क्रम सोपा आहे: जमिनीचा अर्ज, वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी, पट्टा. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने वॉरंटची नोंदपुस्तकं आणि मोजणीच्या नकला इंटरनेटवर ठेवल्या आहेत. वॉरंट आणि पट्टा यांत वीस-वीस वर्षांचं अंतर असतं आणि मधे जमीन हातोहात गेलेली असते, म्हणून पट्ट्यावरचं नाव हे वस्ती करणाऱ्याचं नाव समजू नका. काउंटी बघा: लँकेस्टर १७२९ पासून, त्याआधी चेस्टर, कंबरलँड १७५० पासून, त्याआधी लँकेस्टर.

आयर्लंडकडे वळा ते एवढं सगळं झाल्यावरच. नुसत्या आडनावावर आयर्लंडमध्ये शोधणं व्यर्थ आहे. तिथे साठ हजारांहून अधिक टाउनलँड (जमिनीचे सगळ्यात लहान नोंदीचे विभाग) आहेत आणि तुमचं आडनाव त्यातल्या शेकड्यात सापडेल. पण ऑगस्टातल्या तुमच्या ओढ्यावरची पाच-सहा आडनावं आयर्लंडच्या एकाच पॅरिशमध्ये एकत्र दिसली, तर मात्र थांबून पाहायला हवं. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट आणि आग होऊन जुनी मृत्युपत्रं, जनगणना आणि चर्चच्या वह्या मोठ्या प्रमाणावर गेल्या. उरलेलं बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात बघा: १७४० च्या प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांच्या याद्यांच्या नकला, १७६६ च्या धार्मिक गणनेचे तुकडे, आणि जमीनदारांची दप्तरं. जमीनदारांच्या दप्तरांवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. तिथले पट्टे बरेचदा तीन जिवांचे असत. म्हणजे पट्ट्यात नाव घातलेली तीन माणसं जिवंत असेतोवर जमीन कुळाकडे. ती तीन नावं बहुधा कुळाची स्वतःची मुलं असतात, कधी वयासकट, आणि पुढे मालकाचा कारभारी त्याच कागदाच्या कडेला लिहून ठेवतो, की हा मुलगा अमेरिकेला गेला. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासून अखंड आहे, आगीतून वाचलेली. प्रेस्बिटेरियन बाप्तिस्म्यांच्या वह्या मात्र बहुतेक ठिकाणी १८१९ नंतरच सुरू होतात, त्यामुळे त्यांच्यात १७१० चा जन्म शोधायला जाऊ नका.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सासूबाईंनी किट मागवलं असेलच. नेहमीच्या चाचणीत सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून सरासरी एक टक्क्याहूनही कमी वाटा येतो, आणि या ओढ्यांवर चुलत-मामे नात्यांत इतकी लग्नं झाली, की जुळणारा माणूस कोणत्या बाजूने जुळतो हेच कळत नाही. वाय गुणसूत्राची चाचणी जास्त उपयोगी, कारण ती बापाकडून मुलाकडे आडनावाबरोबर जाते. सासूबाईंचं ते माहेर आहे, म्हणून त्यांच्या भावाला किंवा भावाच्या मुलाला विनंती करा, आणि त्या आडनावाच्या गटात निकाल टाका. नॉर्थ कॅरोलायनातलं दुसरं घराणं खरंच भावाचं आहे की नाही, हे तिथे कळू शकतं. कोणता भाऊ कोण, हे मात्र कागदच सांगतील.

वॉशिंग्टन काउंटीतल्या मूळ पुरुषाच्या मालमत्तेची यादी आणि लिलावाची नोंद मृत्युपत्राबरोबर असेल, ती मागवा. लिलावात कोणी काय घेतलं त्यावरून नातं कळतं. विधवा चरखा आणि अंथरूण घेते, मुलगा नांगर, जावई घोडा. आणि त्या यादीत गुरांच्या आणि भांड्यांच्या मधे माणसांची नावं असण्याची शक्यता मोठी आहे. या घराण्यांपैकी अनेकांकडे गुलाम होते. ती पानं उलटून पुढे जाऊ नका. नावं, वयं, किंमत, कोणाच्या वाट्याला कोण गेलं, आई-लेकरांची ताटातूट झाली असेल तर तीही, सगळं तुमच्या मूळ पुरुषाच्या नोंदीइतक्याच काळजीने उतरवा. तसंच ही जमीन शॉनी, कॅटॉबा आणि चेरोकी या मूळ रहिवाशांची होती आणि दोन्ही बाजूंनी माणसं मेली, पकडून नेली गेली. विल्यम प्रेस्टन यांनी ऑगस्टातल्या १७५० च्या दशकातल्या मारलेल्या, जखमी झालेल्या आणि पकडून नेलेल्या वस्तीकरांची यादी केली, ती विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीतल्या ड्रेपर हस्तलिखितांत आहे. तुमची आडनावं तिथे तपासा. कॉनेस्टोगाच्या मूळ रहिवाशांची पॅक्सटँगकडच्या जमावाने डिसेंबर १७६३ मध्ये जी कत्तल केली, तीही याच लोकांच्या इतिहासात येते. घराण्याची वही मुलांच्या हाती द्यायची, तर हे सगळं त्यात असायला हवं.

गुलामांच्या नावांची ती पानं एकदा उतरली, की ती तुमच्याकडेच ठेवू नका. आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांना १८७० च्या जनगणनेच्या मागे जाताना पूर्वज नावाने सापडत नाहीत; १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली सहसा वय, लिंग आणि रंग आहे, गुलामाचं नाव नाही. १८०३ च्या मृत्युपत्रातलं एक नाव आणि ते कोणत्या जावयाकडे गेलं हे, त्यांच्यासाठी पुढचा कागद कुठे शोधायचा त्याचा पत्ता असतो. प्रत वॉशिंग्टन काउंटीचं मुख्य गाव जोन्सबरो इथल्या स्थानिक अभिलेखागारात द्या आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या मोफत संकेतस्थळावर मूळ पानाच्या दुव्यासह टाका.